माझं झाकन त्या दिशी अडकलं

"डबा आत जायाचा न्हाई! भाइरचं खानं आत न्यायला बंदी हाये, एकदा सांगितलं ना बाई!"

"आवं, पोरगी आजारी हाये. तिचं पथ्याचं हाये त्यात."

"आजारी हाये तर दवाखान्यात न्या. मीनाबाजारात कामून आनली?"

मित्रांनो, हे भांडन माझ्यापायी चाललं व्हतं. मी एक जुना जर्मनचा, म्हंजे अल्युमिनियमचा डबा हाये. अंगानं हलका, डोक्यानं गरम. मला तोंड असतं तर त्या दारवाल्या मच्छिंद्राला तिथंच सुनावलं असतं. पन डब्याला नुस्तं झाकन असतं, आन माझ्या झाकनाची तर येगळीच गोष्ट हाये.

माझा जल्म जालन्यातला. पत्र्याची चकती साच्यावर दाबली, काठ वळिवला, अन् झालो मी. धावडा गावच्या भिवानं लगीन झाल्यावर मला बाजारातून घेतलं. त्याची बायकू केशरबाई मला राखेनं असं घासायची की सूर्व्यानं बी तोंड बघावं. माझ्यातली भाकर सांजपस्तोर मऊ ऱ्हायची. शेजारच्या बाया म्हनायच्या, "केशर, तुझ्या डब्यात काय जादू हाये गं?" मला लई बरं वाटायचं.

मंग बाहत्तरचा दुष्काळ आला. दोघं नवराबायकू खडी फोडायला गेल्ते. एक दिस खडीच्या ढिगावरून धोंडा घरंगळला आन माझ्या काठाला पोचा पडला. तवापासून मी गार असलो की झाकन सरळ निघतं. पन आत गरम काही घातलं की असं आवळून बसतं की बापाचं बी ऐकत न्हाई. भिवा दगडानं ठोकायचा, शिव्या घालायचा. शेवटी मला फळीवर टाकलं आन माझ्यात मिठाचे खडे भरले. ज्यानं दोघायची भूक वाहिली त्याच्या नशिबाला मीठ! लई राग आल्ता मला. दोन वर्सं मी त्या फळीवर धुसफुसत बसलो.

मंग त्यायच्या पोरीला, आठ वर्सांच्या बेबीनंदाला, कावीळ झाली.

घरातल्या सगळ्या भांड्यायला तेलाचा वास. मलाच न्हवता. म्हनून केशरबाईनं मीठ काढलं, मला तीनदा घासलं आन पथ्याचा डबा केला. गावातल्या म्हाताऱ्यानं पोरीच्या डोक्यात काविळीची माळ घातली. ही माळ झाडाच्या मुळ्यायच्या तुकड्यायची असती. डोक्यावर टोपीएवढी बसती, मंग रोज थोडी लांबती आन खाली उतरती. कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. पायाशी पडली की समदे म्हन्तेत, कावीळ उतरली, पथ्य सुटलं. आमच्या गावात लहानथोर माळीकडंच बघून असायचे.

कडू काढा प्यायला पोरगी तोंड उघडंना, तवा भिवानं तिला बोली दिली. "माळ गळ्यात आली की तुला जालन्याच्या मीनाबाजारात पाळन्याच्या घोड्यावर बसवतो." माळ गळ्यात आली. आन मीनाबाजाराचा त्यो शेवटचा दिस व्हता.

सकाळी येष्टीनं जालन्याला आलो. आदुगर दवाखाना. डाक्टरनं पोरीची पापनी खाली वढली. "डोळे अजून पिवळे हायेत. तेलाचा थेंब नको. आन उपाशी बी ठिवू नका, पोरीत ताकद न्हाई. दर दोन घंट्याला हलकं काहीतरी पोटात गेलं पाहिजे. न्हाईतर इथंच भरती करा." केशरबाईनं मला छातीशी धरलं. माझ्यात ज्वारीची भाकर आन बिनतेलाचा दुधी व्हता.

आन दारात ह्यो मच्छिंद्र!

शेवटी त्यो म्हन्ला, "रिकामा डबा न्या पान्याला. भाकरी फडक्यात बांधून तिकडं ठिवा, जाताना घ्या." दाराच्या भाइर समद्या लोकायच्या गाठोड्यायचा ढीग पडेल व्हता. केशरबाईनं जड हातानं गाठोडं ठिवलं. डब्याला रिकामं पोट काय असतं ते डब्यालाच ठावं.

घोड्याच्या पाळन्यापुढं ही मोठी रांग. दोन घंटे गेले. बेबीनंदा म्हन्ली, "माय, भूक लागली." अर्ध्या घंट्यानं ती काहीच म्हनंना, आईच्या लुगड्याला धरून खालीच बसली. ओठ वाळेल. भिवा गाठोडं आनायला पळाला. दार एकच, अन् शेवटच्या दिसाची गर्दी आत रेटून राह्यली. सदरा फाटला पन त्याला भाइर पडता आलं न्हाई. कुंपनाच्या पत्र्याच्या फटीतून त्यानं पाह्यलं. दोन शेळ्या ढिगावर चढेल. आमचं फडकं एकीच्या तोंडात.

मंग भिवा आतमंदी नुस्ता फिरला. मला घेऊन फिरला, म्हनून मी समदं पाह्यलं. भजी. पापडी. जिलबी. मिरच्यायचा ढीग. लाल पान्याचा बर्फ, त्यात मुंगळा. केळीवाल्याकडं चारच केळी, काळी ढुस्स, अन् भाव असा की भिवा म्हन्ला, "सोन्याच्या सालीची हायेत का रे?"

"परवडत न्हाई तर हात लावू नको ना, दादा."

"फुटाने हायेत का कोनाकडं? साध्या लाह्या?"

"लाह्या खायला मीनाबाजारात आला का?" आजूबाजूचे फिदीफिदी हासले. भिवा रिकाम्या हातानं, रिकाम्या डब्यानं माघारी आला.

तेवढ्यात आमचा नंबर लागला. "ऱ्हाऊ द्या, चला दाराकडं," केशरबाई म्हन्ली. पोरगी रडली. रडायला बी तिच्यात जोर न्हवता. भिवाच्यानं बघवंना. त्यानं तिला लाकडी घोड्यावर बसिवलं आन मला तिच्या मांडीवर दिलं. "ह्याला धर घट्ट. एकच चक्कर."

आता ध्यान देऊन ऐका मित्रांनो, कारन हे फक्त मी पाह्यलं. पाळना फिरला. तिसऱ्या फेऱ्याला पोरीला घेरी आली. ती पुढं वाकली, गळ्यातली माळ घोड्याच्या दांड्याला अडकली, झटका बसला आन दोरा तुटला. माळ घसरत घसरत तिच्या पायाशी पडली. माळ उतरली न्हवती, तुटल्ती! मी वरडलो. पन डब्याचं वरडनं म्हंजे नुस्ता खनखनाट. पाळन्याच्या बाजात कोन ऐकतं?

पाळना थांबला. भिवानं पोरीला उचललं आन त्याला पायाशी माळ दिसली.

"केशर! माळ उतरली! पायाशी पडली बघ! गेली कावीळ!"

"खरंच?" केशरबाईचे डोळे भरून आले. "बराबर पायाशी?"

"बिलकुल पायाशी! आता खाऊ दे तिला काहीबी!"

भिवा पळत गेला आन कढईतली गरम भजी माझ्यात घेऊन आला. माझ्यात! वर्सानुवर्सं तेल न शिवलेल्या डब्यात! मी आतून नुस्ता जळलो. माशा बसू नये म्हनून त्यानं झाकन दाबून लावलं आन पोरीला भज्याच्या तंबूमागच्या सावलीत नेलं. "खा माझी वाघीन," म्हन्ला आन झाकन वढलं.

झाकन निघंना.

आयुष्यात ज्या खोडीपायी शिव्या खाल्ल्या, ती खोडी त्या दिशी माझ्या कामी आली. मी जीव खाऊन आवळून बसलो. भिवानं वढलं, पायात धरून पिळलं, दगडावर ठोकलं. "मुडदा बशिवला ह्या डब्याचा! पोरगी मरून राह्यली अन् ह्याला मस्ती!" मित्रांनो, मार लागला, पन शिवी जास्त लागली.

"कोन ठोकून राह्यलं गं तिकडं? आमचं लेकरू झोपेल हाये!" तंबूच्या आडून एक बाई आली. हातात पळी. चुलीवर मडक्यात कन्या शिजत व्हत्या, ज्वारीच्या भरड्याच्या, बाजूला ताकाचा गडू. ही सोनूबाई, त्या दारवाल्या मच्छिंद्राची बायकू, ह्या भज्याच्या दुकानावर बसनारी. तिनं बेबीनंदाकडं पाह्यलं. "पोरीचे डोळे हाळदीवानी, आन डब्यातून भज्याचा वास? मारायची हाये का पोर?"

"माळ उतरली तिची," भिवा म्हन्ला.

केशरबाईनं पाळन्यावरून पदरात घेतलेली माळ काढली. दोऱ्याचं टोक बोटानं चाचपलं. माळ उतरती तवा गोल ऱ्हाती. हिची दोन टोकं लोंबत व्हती. तिनं पोरीची पापनी वढली, जशी डाक्टरनं वढली व्हती, तर डोळा पिवळाच. "आवं, ही माळ तुटली हाये."

भिवानं मला टाकून दिलं. पोरीचं डोकं एका अंगाला कललं व्हतं. हाक मारली तरी नुस्तं हुं. केशरबाईनं पदर पसरला. "माय, पळीभर कन्या दे. सकाळपून पोटात काही न्हाई तिच्या."

"तुमी भजी इकता अन् सोता कन्या खाता?" भिवा म्हन्ला.

"त्या तेलात कितीक दिस तळून राह्यलेत ते आमाला ठावं हाये ना," सोनूबाई म्हन्ली. तिनं पळी भरली. मंग थांबली. "कोनत्या गावचे? कोन तुमी?"

केशरबाईनं पसरलेला पदर आवरला. मंग मान वर करून म्हन्ली, "धावड्याचे. जयभीमवाले."

पळी हवेत ऱ्हायली. वाफ निघून राह्यली व्हती. "तुमचं भांडं पुढं करा," सोनूबाई म्हन्ली. "वरून घालते."

मित्रांनो, तवा मी समजलो. लोकं अशांना आपलं ताट देत न्हाईत, त्यायच्या भांड्यात वरून घालतेत. आन भांडं कोनतं? मी! जो हट्टानं आवळून बसेल व्हता. केशरबाईनं मला उचललं, दातानं झाकन वढलं, हिरडीतून रगत आलं. आता मला उघडायचं व्हतं. देवाशपथ उघडायचं व्हतं! पन आत भजी गरम, काठाला पोचा. न्हाई निघालं. केशरबाई मला हातात धरून तशीच हुभी ऱ्हायली. रडली न्हाई. तोंडातलं रगत पुसलं.

सोनूबाईनं तिच्याकडं पाह्यलं, पोरीकडं पाह्यलं, आन पळी मडक्यात आपटली. "मरू दे ते भांडं!" तिनं चुलीजवळची ताटली वढली, कन्या वाढल्या, वर ताक वतलं, फुंकलं. "ही त्या दारवाल्याची ताटली हाये. त्यानंच डबा अडिवला ना तुमचा? आज त्यानं खावा बर्फाचा गोळा."

बेबीनंदानं पयला घास घेतला. दुसरा घेतला. पाचव्या घासाला डोळे उघडून म्हन्ली, "माय, घोडा लई उंच व्हता." भिवा तोंड फिरवून पत्र्याकडं बघत बसला.

ताटली घासायला केशरबाई उठली तर सोनूबाईनं तिच्या हातातून घेतली. सोताच इसळली, आन आपल्या ताटल्यायमंदी ठिवली. बाजूला न्हाई, मंदीच.

आता बेबीनंदा चांगली टनटनीत हाये, साळंत जाती, मला रोज नेती. काल भिवा हातोडी घेऊन माझा पोचा काढायला बसला व्हता. केशरबाई म्हन्ली, "ऱ्हाऊ द्या त्यो. लई काम केलंय त्यानं." मित्रांनो, तुमच्या घरी बी असं खोडीचं एखादं भांडं असंल. त्याला मोडीत घालायच्या आदुगर एकदा इचारा, ते कधी कोनासाठी अडून बसलं व्हतं का. आन जत्रंत गेले तर इकनाऱ्याची कढई बघू नका, त्याची सोताची चूल बघा, त्यो काय खातो ते...

ऱ्हाऊ दे. साळंची घंटा झाली, बेबीनंदानं मला खाकंत मारलं. मला जायला पाहिजे.