विशेष काळजीचा रकाना

"घर घेण्याआधीची पाहणी तिसऱ्या दर्जाचीच करा, सगळ्यात कसून," ऑड्रीने फोन मानेत धरून सांगितलं आणि नवऱ्याच्या उशीचा अभ्रा ओढून काढला. विल्फ दोन महिने खालच्या खोलीत, आरामखुर्चीतच झोपत होता. हृदयाच्या डॉक्टरांनी जिना बंद म्हणून बजावलं होतं.

"अहो बाई, बैठं घर आहे, तेही तीसेक वर्षांचं," पलीकडून सर्व्हेअर हॅलम म्हणाला. "तिसरी पाहणी जुन्यापुराण्या, तोडफोड केलेल्या घरांना. इथे दुसरी भरपूर झाली. उगाच माझं घर कशाला भरता?"

असा सरळ माणूस भेटला तर बरं वाटावं की नाही? ऑड्रीला मेला त्याचाच राग आला.

"मला सगळं कळायला हवं."

विल्फने खुर्चीतून मान वळवली.

"सगळं कळून तीन घरं घालवलीस. एकात कौलं निसटलेली, दुसऱ्यात ओल. तिसऱ्यात काय होतं गं?"

"गटाराला तडा."

"मी काय गटारात झोपणार होतो?"

तिला हसू आलं नाही. घरं बघून, अहवाल वाचून, नाही म्हणून म्हणून ती पार थकली होती. हेही हातचं गेलं तर याचा अख्खा हिवाळा खुर्चीत जाणार, हे तिला ठाऊक होतं.

"फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा सोडलाय तुम्ही," हॅलम म्हणाला. "विशेष काळजी कशाची? छप्पर? पाया? मी तिथे जरा जास्त बघेन."

ऑड्री स्वयंपाकघरात गेली. दार लोटून घेतलं.

"बागेकडची खोली," ती हळू म्हणाली. "त्याचा पलंग तिथे लागेल. तिथून तो मग कुठे जायचा नाही. घर घेतलं की ते खरं ठरणार हो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सोमवारी जातो," हॅलम म्हणाला. "खिडकी सहज उघडते का, ऊन कितीपर्यंत येतं, बघून सांगतो."

"हे कुठल्या दर्जात बसतं?"

"कुठल्याच नाही."

"मग दुसरीच लिहा."

बाहेरून विल्फ ओरडला, "काय गं, घालवलंस का हेही?"

ऑड्रीने बाहीनेच डोळे पुसले.

"नाही रे. कुठल्या बाजूला झोपणारेस सांग, भिंतीकडे की खिडकीकडे?"