खंडेनवमीची साफसफाई आणि मी अनडिलीट

मी एक जुनी आज्ञा आहे. वापरून झिजलेली नव्हे, न वापरता जुनी झालेली. लग्नात आहेर आलेला थर्मास खोक्यातच राहतो, तशी. मित्रांनो, अशा कहाणीत वाचकांना मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुमच्यापैकी एकानेही मला कधी हाक मारलेली नाही, हे मी विसरलेले नाही.

संगणक चालू केला की त्याच्या पोटात एक कारभार सुरू होतो. त्या कारभाराचं नाव डॉस. त्यात आम्ही काही बहिणी कोपऱ्यात बसून असतो. एक बहीण फायलीला असं कुलूप घालते, की कुणी कितीही वेळा 'उडव' म्हटलं तरी यंत्र नकार देतं. दुसरी सगळ्याची नक्कल काढून फ्लॉपीवर ठेवते. मी अनडिलीट. चुकून पुसलेली फाईल मी परत आणते. आमचे कुणी वेगळे पैसे घेत नाही. आम्ही यंत्राबरोबरच येतो. कदाचित म्हणूनच आम्हाला किंमत नाही.

१९९४ साली तीन फ्लॉप्यांमधून मला धुळ्याच्या एका सरकारी रोपवाटिका कार्यालयात उतरवलं गेलं. जळगावहून आलेल्या इंजिनियरने मराठी अक्षरांचं कार्ड बसवलं, चहा घेतला आणि आमची माहिती असलेलं जाड पुस्तक टेबलावर ठेवलं. हेडक्लार्क जीवराम नानांनी ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली खणात टाकली. पुस्तक मळू नये म्हणून! आमच्या खोलीत चपला काढून यायची सक्ती होती. यंत्राला उदबत्ती होती. यंत्रात काय आहे हे विचारायची मात्र कुणालाच गरज वाटली नाही.

कौतुक एकट्या टाईप करायच्या प्रोग्रॅमचं होई. "काय अक्षर आहे! छापल्यासारखं!" असं येणारा-जाणारा म्हणे. कोपऱ्यातून मी ऐकत असे.

टंकलेखिका होत्या प्रमिलाबाई. रोपवाटिकांवर रोजंदारीने राबणाऱ्या बासष्ट माणसांना कायम करायचा हुकूम आला होता. कोण कधीपासून, वर्षाला किती दिवस कामावर होता, त्याची यादी वर पाठवायची होती. वाळवी लागलेल्या हजेरीपुस्तकांतून प्रमिलाबाईंनी तीन महिने खपून ती यंत्रात उतरवली. काम संपलं त्याच दिवशी नाना म्हणाले, "आता सगळं कॉम्प्युटरात आलं. मग हा कचरा कशाला?" हजेरीपुस्तकं रद्दीत गेली. पुढे आठवडाभर स्टँडवरच्या भजीवाल्याकडे कुणाकुणाची हजेरी तेलात भिजत होती.

त्या बासष्टांत एक उखर्डू होता. चौदा वर्षं रोपांना पाणी घालणारा. दर दोन दिवसांनी तो दाराशी चपला काढायचा आणि उंबऱ्यावरूनच विचारायचा, "अक्का, मनं नाव शे ना त्यामा?"

"आहे हो, आबा. एकोणतिसावं."

"मंग ठीक शे," म्हणून तो परत जायचा. पडद्यावर दाखवा, असं त्याने कधी म्हटलं नाही. तुम्ही म्हणाला असतात का?

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. कुदळी घासल्या, झाऱ्यांना आपटून गाळ काढला, जीपगाडी धुतली. नानांच्या मनात आलं, की पूजेला बसायचं यंत्र आतूनही स्वच्छ हवं. प्रमिलाबाई रजेवर होत्या. नाना आंघोळ करून आलेले, कपाळाला गंध. एका बोटाने कळा दाबत ते एकेका फायलीचं नाव वाचत स्वतःशीच बोलू लागले.

"हे काय आहे? ओळखीचं नाही. उडव. हे? हेही नाही. उडव."

यादीचं नाव प्रमिलाबाईंनी आपल्या सोयीने ठेवलेलं. नानांच्या ओळखीचं कसं असणार? तेही उडालं. यंत्राने 'नक्की?' असंही विचारलं नाही, कारण एकेक फाईल पुसताना विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. मग कळफलकावर हळदकुंकू पडलं आणि दाराशी नारळ फुटला.

इथे एक गुपित सांगते. पुसणं म्हणजे काय? नावाचं पहिलं अक्षर खोडायचं आणि त्या जागेवर 'खोली रिकामी' अशी पाटी लावायची. आतला मजकूर हलत नाही, बसल्या जागी बसलेला असतो. त्या खोलीत दुसरं कुणी शिरेपर्यंत मी त्याला सहीसलामत बाहेर काढू शकते. दुसरं कुणी शिरलं, की संपलं.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर शनिवारी प्रमिलाबाई आल्या. यादी सोमवारी जायची होती. त्यांनी पडदा पाहिला आणि त्या खुर्चीतून उठल्याच.

"नाना, यादी कुठंय?"

"कोणती यादी?"

"बासष्ट माणसांची! तुम्ही काय उडवलंत?"

"मी कचरा काढला. महत्त्वाचं होतं तर कचऱ्यात कशाला ठेवलं, बाई?"

"कपाटाची किल्ली द्या. त्या पुस्तकात काहीतरी उपाय असेल."

"पुस्तक वाचून गेलेलं परत येत असतं तर दवाखाने बंद पडले असते. उगाच माझ्यावर ढकलू नका. यंत्र तुमच्या ताब्यात. मी कारणे दाखवा नोटीस काढतो."

"काढा."

"काढा काय? टंकलेखिका तुम्हीच ना! बसा. घ्या लिहून."

आणि मित्रांनो, त्या बाई बसल्या. हंगामी नोकरी, अकरा महिन्यांचा करार. उठून जाणार कुठे? नाना सांगत गेले आणि त्या स्वतःवरचा ठपका टाईप करत गेल्या. 'आपल्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे'ला त्यांची बोटं थोडी अडली. "अक्षम्यच लिहा," नाना म्हणाले. "आणि सेव्ह करा. पुरावा पाहिजे."

मी सगळं पाहत होते. यंत्र नोटिशीसाठी रिकामी खोली शोधत निघालं होतं आणि पाट्या वाचत यादीच्या खोल्यांकडेच येत होतं. ओरडायला मला तोंड नाही. कुणी माझं नाव टाईप केल्याशिवाय मी बोट हलवायचं नाही, असं मला घडवलेलं आहे. नोटीस यादीच्या बरोबर मध्ये शिरून बसली.

नाना जेवायला गेले. प्रमिलाबाईंनी खण उघडला, किल्ली काढली, पुस्तकावरचं प्लास्टिक फाडलं. पाऊण तास त्या पानं उलटत होत्या. मग त्यांनी माझं नाव टाईप केलं. आयुष्यात पहिल्यांदा. मी पुसलेल्या नावाचं पहिलं अक्षर विचारलं, त्यांनी दिलं. मग मला सांगावं लागलं, की या फायलीचा काही भागच हाती लागेल; चालेल का? त्यांनी 'हो'ची कळ दाबली.

पंचेचाळीस नावं परत आली. तेविसाव्यापासून एकोणचाळिसाव्यापर्यंतची सतरा आली नाहीत.

उंबऱ्यावर उखर्डू उभा होता. प्रमिलाबाईंनी त्याला आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि काही न लपवता सांगितलं.

"नाव नही ते नही," तो म्हणाला. "झाडं ते शेतस ना? त्या बठ्ठासले ईचारा, कोनी पानी दिधं ते." झाडं तर आहेत ना, त्या सगळ्यांना विचारा, असं त्याचं म्हणणं.

सोमवारी पंचेचाळीस नावं वर गेली. उरलेल्या सतरा जणांनी आपापले पुरावे आणावेत, असं ठरलं. आणणार कुठून? पुरावे लोकांनी भज्यांबरोबर खाऊन बोटं पुसली होती.

प्रमिलाबाईंनी नोटिशीला उत्तर दिलं. यंत्रावर नाही, कागदावर, हाताने: 'सदर नोटीस ज्या जागेवर लिहिली, त्या जागेवर सतरा माणसांची नावे होती. नोटीस लिहिली नसती तर ती परत आली असती.' साहेबांनी खाली शेरा मारला, 'पाहिले.' अकरा महिने संपल्यावर बाईंचा करार वाढला नाही. नाना निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली. उखर्डू अजून रोजंदारीवर पाणी घालतो.

माझी विनवणी मोठी नाही. काही पुसलं गेलं, हरवलं, तर घटकाभर हात आवरा. कपाटातलं पुस्तक काढा, माझ्यासारख्या कुणाला तरी हाक मारा. पण चूक कुणाची हे लिहायला लगेच बसू नका. तुमचं लिहिणं कुणाच्या नावावर जाऊन बसतं, ते तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं.