पेनिएलचा सातवा नियम

बाबांना पुरलं त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. आमच्यात थडग्यापाशी प्रार्थना होत नाही, प्रवचन होत नाही. मेलेल्यासाठी काही मागणं ही पोपच्या लोकांची खोड, असं आम्ही मानतो. पेटी खाली गेली, सहा जणांनी माती लोटली, टोप्या घातल्या आणि राहिलेला मका कापायला निघून गेले. ज्या माणसाने हे गाव वसवलं, त्याला निरोप फक्त फावड्यांनी दिला. मला ते चुकीचं वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसतं.

बाबा, म्हणजे नेहेमाया थर्लो, अकरा कुटुंबं घेऊन नदी ओलांडून आले तेव्हा मी पाच वर्षांची होते. जमीन त्यांनी काठावरच्या मूळ लोकांकडून कुऱ्हाडी आणि घोंगड्या देऊन घेतली. आपण ती कायमची देतोय हे त्या लोकांना कळलं होतं का, हा प्रश्न मी बाबांना एकदाच विचारला. ते उठून कुंपणाकडे गेले. गावाला पेनिएल हे नाव त्यांनी दिलं. प्रार्थनाघराची पहिली तुळई त्यांच्या खांद्यावरून आली. गावाचे बारा नियमही त्यांचेच.

पुरून दहा दिवस झाले आणि डीकन इथामार पॉटर आले. ते आमच्या मंडळीचे वडीलधारे, गावच्या पाच पंचांतले एक, बाबांचे जुने सोबती.

"हिटी, सामान बांध. शनिवारच्या आत आमच्याकडे ये. हॅनाकाकूने माळ्यावर जागा केलीय. लोकर पिंजायला तिला हात हवाच आहे."

"कशासाठी येऊ, काका?"

"कशासाठी काय? सातवा नियम पाठ असेल तुला."

पाठ होताच. अकराव्या वर्षी त्याची स्वच्छ प्रत मीच केली होती. पेनिएलमध्ये नवरा किंवा बायको नसलेल्या कोणीही एकटं राहायचं नाही. जिथे कुटुंबप्रमुख सकाळ-संध्याकाळ शास्त्र वाचतो आणि प्रार्थना करतो, अशा सुव्यवस्थित कुटुंबाच्या छत्राखाली राहायचं. पिंपं बनवणारा सायलस एकटा राहायचा. त्याला त्याच्या झोपडीतून दंडाला धरून बाबांनी बाहेर काढलं, तेव्हा मी शेजारी उभी होते. मला अभिमान वाटला होता. दोन वर्षं तो दुसऱ्याच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपला आणि मग नदीने खाली निघून गेला.

"आणि हे घर?"

"समुद्राकडून लोहाराचं कुटुंब येतंय. त्यांना देऊ."

"पुस्तकं?"

"आमच्याकडे एक फळी आहे."

हेच शब्द मी गेल्या हिवाळ्यात बाबांच्या तोंडून ऐकले होते. तुमच्यामागे माझं काय, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, इथामारकडे जा, त्याच्याकडे फळी आहे. याच माणसाने पाद्रींचा विरोध पत्करून मला लॅटिन शिकवलं होतं. लॅटिन शिकवणारे आणि फळी दाखवणारे, दोन्ही तेच होते. मी त्या वेळी गप्प बसले.

"मी येणार नाही, काका."

"ही विनंती नाही, पोरी."

"म्हणूनच स्पष्ट सांगतेय."

"सोमवारी सकाळी पंच येतील. तेव्हा बघू तुझं स्पष्ट."

शनिवारी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. विधवा केझाया मॉसला याच नियमाखाली सहा वर्षांत पाच घरांत ठेवलं होतं. ती कोणाच्या तरी चुलीशी शेंगा सोलत होती.

"माझ्याकडे राहायला येता?"

"मी? माझं तोंड सोसवेल तुला?"

"बाबांचं सोसलं."

"तुझा बाबा! त्यानेच मला भोपळ्यासारखं या घरातून त्या घरात फिरवलं. देव त्याला..." ती थांबली.

"बोला ना."

"नको. नुकताच गेलाय. पुढच्या महिन्यात बोलेन." तिने शेंगांचं टोपलं खाली ठेवलं आणि शाल उचलली.

सोमवारी उजाडताच मी दार उघडं ठेवलं आणि बाबांच्या खुर्चीत बसले. आजवर त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. केझाया समोर स्टुलावर. वाचन निम्म्यावर आलं तेव्हा उंबऱ्याशी बुटांचा आवाज झाला आणि थांबला. घरात प्रार्थना चालू असेल तर आलेला माणूस टोपी काढून थांबतो, घरचे गुडघे टेकतात तेव्हा तोही टेकतो. पकडायला आलेला शिपाईसुद्धा. चालता यायला लागल्यापासून आम्हाला ही सवय असते.

मी पुस्तक मिटलं, गुडघे टेकले. मागे एक गुडघा कडकडला. तो पंचांतल्या म्हाताऱ्या एल्नाथनचा. मग दुसरा, तिसरा, चौथा. सगळ्यांत शेवटी डीकनचा.

मी गावासाठी मागितलं, मक्यासाठी, आजाऱ्यांसाठी, पाचही पंचांसाठी नाव घेऊन. बाबांसाठी काही मागितलं नाही. मेलेल्यांसाठी आम्ही मागत नाही. प्रार्थना मी शेवटपर्यंत नेली.

"आमेन," पाच पुरुषांचे आवाज माझ्यामागून आले.

केझाया उठली. "झाली बाई घरची प्रार्थना. पंच लापशी घेणार का?"

डीकनचा चेहरा लाल झाला. "हिटी, हा काय खेळ आहे?"

"सुव्यवस्थित कुटुंब, काका. सकाळचं वाचन, सकाळची प्रार्थना. तुम्ही आत्ता तिच्यात होतात."

"दोन एकट्या बायका म्हणजे कुटुंब नव्हे! प्रमुख कोण इथे?"

"तुम्ही कोणाच्या प्रार्थनेला गुडघे टेकलेत?"

"देवापुढे टेकले मी!"

"देवापुढेच. पण प्रार्थना या घराची होती. हे घर नव्हतंच, तर एकटी बाई बडबडतेय म्हणून मला थांबवायचं होतंत."

एल्नाथन गुडघे झटकत हसला. "इथामार, टेकले खरे आपण."

"सवयीने टेकले!"

"मग मोडायची होती सवय," केझाया म्हणाली. "माझी पाच घरं मोडलीत तशी."

डीकन माझ्याजवळ आले. आवाज खाली गेला, म्हणून जास्त लागला. "हा नियम तुझ्या बापाने लिहिलाय. तो असता तर तुला दंडाला धरून नेलं असतं."

"हो, नेलं असतं. आणि मी त्यांच्याशीही भांडले असते. ते होते तेव्हा भांडले नाही, हे माझं चुकलं. तुमच्या बाबतीत ते चुकणार नाही."

एल्नाथन पुढे आला आणि म्हणाला, "हात वर करा. हे कुटुंब मानायचं का?" आणि स्वतःचा हात वर केला. आणखी दोन हात वर गेले, पाचांत तीन झाले. डीकनचा हात टोपीवरच राहिला.

"रोज संध्याकाळी ऐकायला येईन मी," ते म्हणाले. "एक दिवस खंड पडला, की माळ्यावर."

"या ना. दोन्ही वेळा या. गुडघे टेकायला जागा आहे."

ते गेले. मी पुन्हा बाबांच्या खुर्चीत बसले. बाबांना पुरल्यापासून मी पहिल्यांदा रडले, मोठ्याने, दार उघडं असताना. केझायाने माझ्याकडे पाहिलं नाही. लापशी गार होतेय, एवढंच ती म्हणाली, आणि ते तिने तीनदा म्हटलं.