आधी पेनल्टी, मग खेळ

“हलू नका. पाय तुमचाच आहे, मला नकोय तो,” प्लास्टरमामा म्हणाले आणि त्यांनी करवत सुरू केली.

टेबलावर पाय लांब करून हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराचे मुख्य आचारी पडले होते. दीड महिन्यापूर्वी ओल्या फरशीवर घसरून त्यांनी घोटा मोडून घेतला होता. ही करवत नुसती थरथरते, प्लास्टर कापते, कातडीला धक्का लावत नाही, हे मामांनी त्यांना तीनदा सांगून झालं होतं. तरी आचाऱ्यांनी डोळे घट्ट मिटलेच.

“मग उद्याच्या बैठकीत काय ठरवलंय तुम्ही?” मामांनी विचारलं.

“करवत हातात घेऊन मत मागताय, मामा!”

“मागतोय. नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा, म्हणजे एवढं अर्धं कापून मी चहाला जातो.”

बैठक होती हॉस्पिटलच्या फुटबॉल कपाची. दरवर्षी सगळे विभाग खेळायचे, आणि दरवर्षी अंतिम सामना बरोबरीत सुटून पेनल्टीवर यायचा. गेली आठ वर्षं मामा समितीपुढे एकच अर्ज ठेवत होते: पेनल्टी सामना सुरू व्हायच्या आधी मारून घ्या. खेळात हार-जीत झाली तर त्या पेनल्टी विसरून जा. बरोबरी झाली तरच त्यांचा निकाल धरा. आठही वर्षं पालथ्या घड्यावर पाणी.

“अहो, हे म्हणजे लग्नाआधी बारसं,” आचारी डोळे न उघडता म्हणाले. “कोणी म्हणतं नाणं उडवा. कोणी म्हणतं दर पाच मिनिटांनी एकेक गडी बाहेर काढा, मैदान मोकळं झालं की गोल होतोच. ते तरी समजतं. तुमचं आपलं भलतंच.”

“तुमचा घोटा मोडला तेव्हा मी तुम्हाला किती दिवस दिले?”

“सहा आठवडे.”

“हाडाला सहा आठवडे. आणि ज्याची शेवटची पेनल्टी चुकते त्याला आपण एक मिनिटही देत नाही. शिट्टी वाजते, सगळे घरी. तो बिचारा कधी भरून काढणार? आधी चुकली तर पुढे अख्खा सामना आहे त्याच्याकडे.”

आचाऱ्यांनी एक डोळा उघडला. “हे तुम्ही आभाळसाठी करताय ना?”

 मामांनी प्लास्टरचे दोन भाग अलगद वेगळे केले. आतून आचाऱ्यांचा पाय निघाला, पांढरा, बारीक, सोललेल्या काकडीसारखा.

“त्या दिवशी गोलात मीच होतो,” आचारी पायाकडे बघत म्हणाले. “मी तर जागचा हललोही नव्हतो हो. देईन मत.”

आभाळ म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आणि मामांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी हाडांचा विभाग आणि स्वयंपाकघर यांच्यात अंतिम सामना झाला. ड्रायव्हर तेव्हा हाडांच्या विभागाकडून खेळायचे. शेवटची पेनल्टी याच्याकडे आली. चेंडू गोलावरून गेला, कुंपणावरून गेला आणि थेट पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. मैदान चिडीचूप झालं.

शांतता मामांना सोसत नाही. प्लास्टरच्या खोलीत माणूस गप्प झाला की तो घाबरलाय असं समजायचं आणि काहीतरी विनोद करायचा, ही त्यांची नोकरीतली सवय. त्या दिवशीही ती नडली. गर्दीतून ते मोठ्याने बोलून गेले, “गेला आभाळात!” मैदानभर हशा पिकला. मामांना वाटलं, चला, बरं झालं, जरा हलकं झालं.

संध्याकाळपर्यंत पोराचं नाव आभाळ पडलं होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या फळ्यावर ड्यूटीसमोर कोणीतरी खडूने तेच लिहिलं. मग नर्स म्हणू लागल्या, मग पेशंटचे नातेवाईकही: “आभाळभाऊ, जरा हळू घ्या, त्यांना दुखतंय.” तो घ्यायचाही हळू. नावाबद्दल तो कधी कोणाला काही बोलला नाही. फक्त पुन्हा खेळला नाही, आणि कपाच्या दिवशी सगळ्यात लांबची फेरी मागून घेऊ लागला.

हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं हे आता कोणाच्या लक्षात नव्हतं. मामांच्या होतं. त्यांनी ते बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

“पहिल्या तारखेला भाऊची बदली होतेय,” त्या रात्री जेवताना ती म्हणाली. “दुसऱ्या गावी, नव्या हॉस्पिटलात. इथला एक कंपाउंडर आधीच तिकडे गेलाय. म्हणजे तिथेही आभाळच म्हणणार त्याला. अहो, माझा भाऊ वाईट ड्रायव्हर आहे का? वाईट माणूस आहे का?”

“छे गं.”

“मग जायच्या आधी एकदा तरी त्याला त्या मैदानावर ताठ मानेने उभा करा. तुमचे ते अर्ज पुरे झाले.”

मामा “हो” म्हणाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. ती सहज बोलली होती, पण यांनी भाकरी अर्धीच टाकून ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत आचारी लंगडत आले आणि मामांच्या बाजूने बोलले, तेव्हा समितीच्या अध्यक्ष मेट्रनबाईंनी चष्मा काढला. “स्वयंपाकघर आणि हाडांचा विभाग यांचं एकमत होतंय म्हणजे काहीतरी तथ्य असणार. एका वर्षासाठी करून बघू.” आणि जाता जाता त्यांनी आणखी एक हुकूम काढला: अंतिम सामन्याला मैदानाशेजारी अ‍ॅम्ब्युलन्स उभी पाहिजे. ड्रायव्हर कोण, हे त्यांनीच लिहिलं. मामांनी त्यांना फक्त विनंती केली होती.

सामन्याच्या दुपारी आधी पेनल्टी झाल्या. लोक हसत होते, टाळ्या चुकीच्या वेळी वाजत होत्या, कशावर ओरडायचं हेच कोणाला कळत नव्हतं. स्वयंपाकघर पाच, हाडांचा विभाग चार. मग खरा खेळ सुरू झाला आणि मामांना जाणवलं की हा सामना वेगळाच आहे. आता हाडांच्या विभागाला बरोबरी चालणार नव्हती, त्यांना जिंकायलाच हवं होतं. एरवी शेवटच्या वीस मिनिटांत दोन्हीकडचे नुसते वेळ काढत राहायचे. आज कोणी उभं राहायला तयार नव्हतं.

अ‍ॅम्ब्युलन्स उशिरा आली, एका आजींना घरी सोडून. ती कुंपणाला लागून उभी राहिली. काच वर होती. स्वयंपाकघराने गोल केला, तेव्हा मामांनी तिरक्या नजरेने पाहिलं, काच खाली आली होती. उत्तरार्धात हाडांच्या विभागाच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने दोघांना चकवून बरोबरी साधली, तेव्हा दार उघडं होतं आणि पाय बाहेर होते. शेवटच्या पाच मिनिटांत, हाडांचा विभाग सगळा गोलासमोर जमला होता तेव्हा, मामांच्या खांद्याला खांदा लागला.

“अरे, डावीकडे दे! डावीकडे!” मेहुणा ओरडत होता. एकोणीस वर्षांनी.

शिट्टी वाजली. एक-एक. पेनल्टीचा निकाल धरला गेला आणि कप स्वयंपाकघराने उचलला. पण रडारड काही नव्हती. हाडांच्या विभागाची माणसं घामाघूम होऊन गवतावर लोळत त्या बरोबरीच्या गोलाबद्दलच बोलत होती.

“मी नव्हतो तेव्हा,” मेहुण्याने विचारलं. “पेनल्टी कोणाची चुकली?”

“वॉर्डबॉयची ना?” एक जण म्हणाला.

“माझी? माझी आत होती! एक्स-रेवाल्याची.”

“उगाच काहीही बोलू नका.”

बराच वाद झाला. शेवटी पाण्याची बाटली तोंडाला लावलेली फिजिओवाली म्हणाली, “अहो, माझी चुकली. खांबाला लागली. पण भाऊ, गोल बघितला का माझा?”

“बघितला,” तो म्हणाला. “झकास होता.” आणि मग तो हसायला लागला. आधी थोडं, मग पोट धरून. कोणालाच काही समजलं नाही. मामांना समजलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

ते त्याला जरा बाजूला घेऊन गेले. इथे विनोद सुचला असता तर बरं झालं असतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच सुचला नाही.

“ते नाव मी ठेवलं होतं,” मामा म्हणाले. “त्या दिवशी गर्दीतून ओरडलो तो मीच.”

“माहीत आहे, भावजी.”

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच. तुमचा आवाज मला ओळखू येत नाही की काय?”

“मग कधी बोलला का नाहीस?”

त्याने टाकीकडे पाहिलं. “तेव्हा सगळं गप्प झालं होतं ना, त्याची मला जास्त भीती वाटली होती. तुम्ही बोललात, लोक हसले, मला श्वास घेता आला. पण एक दिवस पुरलं असतं, भावजी. एकोणीस वर्षं जरा जास्तच झाली.”

“चुकलं माझं,” मामा म्हणाले. “फार चुकलं.”

“बरं, असू द्या आता,” तो म्हणाला आणि त्याने मामांचा हात दाबला.

तेवढ्यात त्याच्या खिशातला अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन वाजला. कुठेतरी कोणीतरी जिन्यावरून पडलं होतं. वळसा घालत न बसता तो सरळ मैदानातून पलीकडे उभ्या गाडीकडे निघाला.

मामांनी त्याला हाक मारली. आईवडिलांनी ठेवलेलं, पगाराच्या चिठ्ठीवर असलेलं पूर्ण नाव घेऊन, भर मैदानात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तो चालतच राहिला. मामांनी पुन्हा हाक मारली. पेनल्टीच्या चुन्याच्या ठिपक्यापाशी तो थांबला. वळून त्याने आधी आपल्या मागे दुसरं कोणी आहे का ते पाहिलं, आणि मग छातीवर हात ठेवून विचारलं, “मी?”