काळुरामच्या घरातले दिवे

कासूजवळच्या एका गावात काळुरामच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भगताच्या सांगण्यावरून शेजारच्या सरूने उंबऱ्यावर पाऊल टाकलं आणि घरातले दिवे एकदम विझले, पंखा मंदावला. तिने पाय मागे घेताच सगळं पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा गर्दीतल्या भीतीचा राग झाला.

"बघा, बघा!" केरू भगताने मोरपिसांचा कुंचा नाचवला. "सरकारची वीज पन हिला भ्याली! देव म्हनतो, ही चेटकीन हाय, हिचे क्यास उतरवा नि शिवेभायेर काढा!"

ताटात कुंकवाशेजारी वस्तरा ठेवलेला होता.

काळुरामची सून नमिता रोह्याच्या कंपनीत यंत्रांची देखभाल करी. शिफ्ट संपवून ती दिवेलागणीला नुकतीच पोचली होती. वस्तरा पाहून तिने मागचं सगळं जुळवलं. महिन्यापूर्वी साप चावलेल्या प्रतीक्षा या गावातल्या पोरीला सरूने भगताकडे न नेता रिक्षात घालून पेणच्या इस्पितळात नेलं होतं. पोर वाचली, आणि भगताकडे कुणी फिरकेना. त्याचाच भाचा अमोल गेल्या आठवड्यात काळुरामच्या घरातले विजेचे बोर्ड फुकट बदलून गेला होता. "बिल कमी येतं, काकी," असं नमिताच्या सासूला म्हणाला होता.

नमिता गर्दीतून घुसली. देव्हाऱ्यामागे हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"देवाला हात लावू नको गो!" सासू धोंडुबाई किंचाळली.

"आत्या, हा देव नाय. हा संगणक हाय, पत्त्यांच्या जोडाएवढा." नमिताने त्याची वायर उपटली. चूक निघाली तर पुढचा वस्तरा तिच्यासाठीच होता. "सरूवयनी, या आता."

सरू आत आली. दिवे जळतच राहिले.

"देव रुसला!" भगत गरजला.

"रुसला नाय, बंद हाय. चालू करते." तिने डबी टीव्हीला जोडून वीज दिली. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर धावू लागल्या. "घरातले दिवे-पंखे चालवायची यंत्रणा हाय ही. जागी व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तवर बोलवा तुमच्या देवाला."

भगताने मंत्र म्हटले, कुंचा आपटला. एक दिवा विझेल तर शपथ! पण पिसांआड त्याचा अंगठा पुन्हा पुन्हा काहीतरी दाबत होता, हे नमिताने पाहिलं. पडद्यावरच्या ओळी थांबताच तिने कुंचा हिसकावला. कुंच्याच्या मुठीत रुपयाएवढं बटण होतं. वायर नव्हती, ते डबीला दुरूनच खूण करत होतं. ते तिने सासूच्या हातात दिलं.

"दाबा, आत्या."

धोंडुबाईने दाबलं. अंधार. पुन्हा दाबलं. उजेड. ती मटकन खाली बसली. "म्हंजे मी पन... मीच दिवे घालवले?"

"मामानं सांगितलं म्हनून बसवलं," अमोल रडकुंडीला आला. भगत परसातून सटकत होता. काळुरामने त्याचा दंड धरला आणि पेणच्या पोलिसांना फोन लावला.

सरू उंबरा ओलांडून निघाली. वाट द्यायला माणसं मागे सरली, पण तिच्याकडे बघायची हिंमत कुणाला झाली नाही.

"थांबा सगळी," नमिता म्हणाली. "उद्या दुसरा भगत येईल, दुसरं यंत्र आणील. मला ते उलगडता येईलच असं नाय. पन दिवा गेला तर वायर बघा, ताप आला तर डॉक्टर बघा. ज्याचं कारन कळत नाय, ते कळत नाय म्हना. त्यापायी बाईमाणसावर वस्तरा उचलू नका."