धाकूच्या डोक्यातला वारा

मित्रांनो, मी एक जुना वारा आहे. मूठभरच. कोलशेतच्या खाडीवर जन्मलो. गलबतांची शिडं फुगवली, मिठागरं सुकवली, पण कुणी नाव घेतलं नाही. फार राग यायचा.

ठाण्याला आगगाडी येऊन वीसेक वर्षं झालेली. धाकू मिठागर राखायचा. भरती चढली की तो शंख फुंकायचा आणि लोक बांधाची दारं खाली पाडून खाडीचं पाणी अडवायला धावायचे. उशीर झाला तर पिकलेलं मीठ पाण्यात.

एकदा सर्दीनं नाक गच्च असताना त्यानं डोळे बाहेर येईस्तोवर फुंकलं. मी श्वासाबरोबर त्याच्या घशात गेलो होतो. वाट मिळेना, म्हणून मागून कानात घुसलो. कानामागचं हाड पापडासारखं पातळ. कट्कन फुटलं आणि मी थेट कवटीत! मग प्रत्येक फुंकीला आणखी वारा येत गेला. आम्ही मेंदूला रेटायला लागलो.

"आवडे, डोक्यान पानी खलखलतं गो," धाकू बायकोला म्हणाला.

"ताडी कमी कर!" शेजारचा पंढरी हसला.

चार दिवसांनी धाकू तिरका चालायला लागला, बरळायला लागला. काळुराम भगत आला. "याच्या अंगान वारा आलाय. उद्या ढोल लावून घुमवू."

त्यांच्यात अंगात देव, भूत काही आलं तरी वाराच म्हणायचे. मी आतून बोंबलत होतो, अरे, मी खराखुरा वारा आहे! घुमवलंत तर मरेल हा!

आवडाबाईनं त्याच्या डोक्याला कान लावला. बसवलं, हलवलं. खळखळ. आडवं निजवलं. गप्प.

"अर्धा भरलेला मडका असाच वाजतं," ती म्हणाली. "त्याला हलवायचा नाय, गप ठेवायचा. बाबा, ढोल परत न्या. नि शंखाला ह्यो हात लावनार नाय."

"मग भरतीला तू फुंकशील?" भगतानं विचारलं.

"फुंकीन!"

पुढची भरती चढली. तिच्या पहिल्या फुंकीला नुसतं फुस्स. "वहिनी, म्हस शिंकली कं?" पंढरी म्हणाला. तिसऱ्या फुंकीला शंख असा वाजला, की तोच पहिला बांधाकडे पळाला. दारं वेळेत पडली.

धाकू दीड महिना आडवा होता. हाडाची फट मिटली. मी रोज थोडा थोडा त्याच्या रक्तात विरत गेलो. एक दिवस तो उठून बसला, मान हलवली. आवडाबाईनं श्वास रोखून ऐकलं. वाजण्याएवढा मी उरलोच नव्हतो. ती रडायला लागली. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

मित्रांनो, सर्दीत नाक गच्च असताना जोर लावून फुंकू नका. आणि कुणी म्हणालं, माझ्या डोक्यात काहीतरी वाजतंय, तर हसू नका. आधी कान लावा.