चेअरमन आले की बंद

बोरमाळच्या तलावातलं पोकलेन पुन्हा बंद पडलं, तेव्हा गहिनीनाथ मिस्त्री शिरूर कासारच्या स्टँडमागच्या आपल्या दुकानात एका मोटारसायकलचा हॉर्न दुरुस्त करत होता. निरोप घेऊन आलेल्या माणसाने फार काही सांगितलं नाही. "चेअरमन म्हनले, हे आखरीचं," एवढंच म्हणाला आणि समोर आलेला चहा न पिता निघून गेला. आखरीचं म्हणजे काय, ते गहिनीनाथला त्या चहावरूनच समजलं.

पोकलेन बोरमाळच्या मजूर सहकारी संस्थेचं होतं. पावसाने पाठ फिरवलेली, तलावाच्या तळाला भेगा. पाणी नाही तर निदान गाळ तरी काढून ठेवावा, कधी पाऊस आलाच तर जास्त मावेल, असा संस्थेचा विचार होता. विचार चांगला होता. मशीनही जुनं असलं तरी चांगलं होतं. फक्त ते चालता चालता गप्प व्हायचं. पहिल्या खेपेला गहिनीनाथने फ्यूज बदलला. दुसऱ्या खेपेला फ्यूज बदलला, बॅटरीची टोकं घासली आणि इंजिनाला डिझेल सोडणारा विजेचा खटकाही नवा बसवला. दोन्ही वेळा मशीन सुरू झालं, आणि दोन्ही वेळा तो शिरूरला पोचायच्या आत पुन्हा बंद पडलं.

संस्थेचे ट्रॅक्टर, टँकर, पंप, सगळ्यांच्या वायरिंगचं काम त्याच्याकडे होतं. ते गेलं तर दुकानात नुसते हॉर्न उरत होते. एके काळी तो आणि त्याची बायको चतुराबाई दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जात. वायरिंगचं काम हाताला लागलं आणि कोयता सुटला. चतुराबाईची कंबर मात्र त्या फडातच राहिली. आता तिला खाली बसून उठताना भिंत लागत असे. ऊसतोड टोळीचा मुकादम अजूनही रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय गहिनीनाथ, औंदा कोयता धरता का दोघं?" गमतीनेच विचारायचा. अलीकडे त्यातली गंमत कमी कमी होत चालली होती.

गहिनीनाथ तलावात पोचला तेव्हा ऑपरेटर सटवा पोकलेनच्या बकेटच्या सावलीत झोपला होता.

"बंद पडलं तवा काय करत हुतास?" गहिनीनाथने विचारलं.

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजे? खोदत हुतास, का फिरवत हुतास?"

"उभं हुतं. इंजन चालू, काम थांबलेलं."

"कावून?"

"चेअरमन आलते. बोलत हुते."

गहिनीनाथने जळालेला फ्यूज काढून नवा घातला. इंजिन लगेच सुरू झालं. सटवा खोदायला लागला आणि गहिनीनाथ अवजारांच्या पेटीवर बसून बघत राहिला. ऊन डोक्यावर आलं. पोकलेनने गाळाचा डोंगर रचला, पण एकदाही खोकलं नाही. मिस्त्रीसमोर न दिसणारा बिघाड हा सगळ्यात वाईट. गहिनीनाथला आधी फ्यूजचा संशय आला, मग वायरींचा, आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, स्वतःचा. आपल्याला वायरिंग कधी आलंच नसावं, आजवरच्या गाड्या आपोआप सुरू झाल्या असाव्यात, इथवर त्याचा विचार गेला.

बांधावर रतनबाई शेळ्या घेऊन बसली होती. तलावात पाणी नसलं तरी ती सवयीने शेळ्या तिथेच आणायची.

"मिस्त्री, कावून उनात बसलास? आत्ता बंद पडायचं न्हाई ते," ती वरूनच म्हणाली.

"का वं आत्या?"

"चेअरमन कुटं आलाय अजून?"

गहिनीनाथ हसला. रतनबाई हसली नाही.

"पांढऱ्या पायाचा हाय. साऱ्या गावाला ठावं हाय. लग्नाची पत्रिका देत्यात त्याला, पन टाळी लागून अक्षदा पडल्यावर."

गहिनीनाथचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण बिघाड होतो तेव्हा आसपास काय काय होतं ते बघावं, मग ती शेळी का असेना, हा त्याचा धंद्यातला एकुलता एक नियम होता. त्याने इंजिन चालूच ठेवून सटवाला खाली बोलावलं आणि मागच्या खेपा आठवायला लावल्या. सटवाने बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

"दर टायमाला चेअरमन हुते," तो शेवटी म्हणाला. "मी कुनाला बोललो न्हाई. पगार त्यांच्या सहीनं निघतो."

तेवढ्यात चेअरमन भगवानराव आले. पांढरेशुभ्र कपडे, डोळ्यांना काळा चष्मा. पण त्यांनी मोटारसायकल बांधावरच थांबवली आणि ते उतरेनात.

"चालू हाय ना?" त्यांनी लांबूनच विचारलं. "मंग जातो मी."

"या की खाली," गहिनीनाथ म्हणाला.

"नको. चाललंय ते चालू दे."

गहिनीनाथ वर चढून त्यांच्याजवळ गेला. भगवानरावांनी चष्मा काढला आणि उगाच स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. "पयले लोक बोअर घ्यायचा तर मला जागेवर न्यायचे," ते हळूच म्हणाले. "आता बोअर लागल्यावर सांगत्यात."

गहिनीनाथला यावर सुचलं ते असं होतं: "चेअरमन, तुमी आल्याबिगर बिघाड सापडायचा न्हाई."

बोलल्यावर ते त्याला जास्तच वाईट वाटलं. मग त्याने सारवासारव केली. "म्हंजे तुमी रोज कसं येता, तसंच या. रोज जे करता ते समदं करा."

भगवानराव तिरडीमागून चालावं तसे खाली उतरले. सटवा पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसला. भगवानराव पोकलेनपाशी थांबले. डावा पाय चाकांभोवतीच्या लोखंडी चेनवर ठेवला, केबिनच्या दाराशेजारी लावलेल्या पाटीची कड उजव्या हाताने धरली, अंग वर ओढलं आणि म्हणाले, "सटवा, त्यो डावीकडचा खडक..."

इंजिन बंद पडलं.

तलावात एकदम शांतता झाली. रतनबाईने बांधावरून नुसती मान हलवली, आणि तेवढं पुरेसं होतं.

"बघ," भगवानराव वर लोंबकळत बारीक आवाजात म्हणाले.

गहिनीनाथ त्यांच्या पायाकडे बघत नव्हता. हाताकडे बघत होता.

पाटी पत्र्याची, पिवळी. वर संस्थेचं नाव, खाली त्याहून मोठ्या अक्षरात 'चेअरमन: भगवानराव'. मशीन आलं तेव्हा उद्घाटन कसं करावं हा प्रश्न पडला होता. फीत बांधावी तर पोकलेनला दार एवढंसं. शेवटी ठरलं की सुताराने पाटीचे तीन स्क्रू आधी बसवून ठेवायचे आणि चौथा चेअरमनच्या हस्ते बसवायचा. सुताराचे स्क्रू आखूड होते. पण आखूड स्क्रू फोटोत दिसत नाही, म्हणून चौथा पितळी आणि बोटाएवढा लांब आणला. त्याला हळदकुंकू वाहिलं, टाळ्या वाजल्या. अजूनही सटवा रोज सकाळी त्या स्क्रूलाच उदबत्ती ओवाळत असे.

फ्यूज संपले होते. गहिनीनाथने फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडला आणि चावी फिरवली. बल्ब मिणमिणला.

"चेअरमन, खाली उतरा. आता जमिनीवरूनच ती पाटी जरा वढा."

भगवानरावांनी पाटी ओढली. बल्ब भक्कन पेटला. सोडली, मिणमिणला. ओढली, पेटला. भगवानरावांनी हे आवश्यकतेपेक्षा पुष्कळ जास्त वेळा करून पाहिलं.

गहिनीनाथने आतला पत्रा खोलला. पितळी स्क्रूचं टोक वायरींच्या जुडग्यात घुसलं होतं. एका वायरीचं कातडं सोललं होतं आणि तिथे काळा डाग होता. पाटी हलली की टोक तांब्याला लागायचं, वायर पत्र्याला मिळायची, फ्यूज उडायचा आणि इंजिनाचं डिझेल तुटायचं.

"पाय न्हाई, चेअरमन. स्क्रू हाय."

"कंचा?"

"तुमी लावलेला."

भगवानरावांच्या चेहऱ्यावर सुटका आली, तिथेच अडली, आणि काही काळ कुठेच गेली नाही.

"पन पायाचं काय न्हाई?"

"काय न्हाई."

"ऐकलंस का रतनआक्का?"

"ऐकलं की," रतनबाई म्हणाली. "पाय चांगला हाय, हात वाईट हाय म्हनतोय."

गहिनीनाथने स्क्रूड्रायव्हर पुढे केला तसा भगवानरावांनी त्याचा हात धरला. "आसा कसा काडतोस? समारंभानं लावलेला हाय. हाराचे फोटो हायेत."

गहिनीनाथला इथे भांडता आलं असतं. त्याला डोळ्यांसमोर मुकादम दिसला, आणि भिंत धरून उठणारी चतुराबाई दिसली. "तर मंग समारंभानंच काडू," तो म्हणाला. "तुमच्याच हस्तं."

सटवाने डब्यातला गूळ काढून नैवेद्य दाखवला. भगवानरावांनी टोपी सारखी केली आणि स्क्रूड्रायव्हर लावला. पहिला वेढा त्यांनी उलट्या दिशेने दिला, म्हणजे स्क्रू आणखी घट्ट केला. कोणी हसलं नाही. मग तो निघाला. सटवाने मोबाइलवर फोटो घेतला. भगवानरावांनी चार शब्दही सांगितले: संस्थेच्या मार्गदर्शनाखाली बिघाडाचा शोध लागला वगैरे. गहिनीनाथने टाळ्या वाजवल्या. शेळ्या गुळाकडे बघत होत्या.

वायरीला टेप गुंडाळली, जुडगं बाजूला बांधलं, त्या छिद्रात आखूड स्क्रू बसवला. फ्यूज सटवाने संस्थेच्या ट्रॅक्टरमधून आणला. इंजिन सुरू झालं.

"आता चडा," गहिनीनाथ म्हणाला.

भगवानरावांनी चेनवर पाय ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला, विहिरीच्या पायरीवर ठेवावा तसा. मग पाटी धरली. वर गेले. इंजिन चालू. त्यांनी पाटी हलवून पाहिली. इंजिन चालू. ते सटवाशी डावीकडच्या खडकाबद्दल बोलले, मग उजवीकडच्या खडकाबद्दल, मग बांधावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्याला हाक मारून त्यांनी हात दाखवला.

"गहिनीनाथ!" ते वरून ओरडले. "सोमवारी टँकरचे दिवे बघायला ये. दोन्ही बी आंधळे झालेत."

"येतो," गहिनीनाथ म्हणाला आणि पेटी आवरू लागला.

पेटी बांधून झाली तरी भगवानराव खाली उतरले नव्हते. सटवा दांड्यावर हात ठेवून ताटकळला होता. इंजिन डिझेल पीत होतं आणि गाळ जागच्या जागी होता.

"मिस्त्री," रतनबाईने विचारलं, "आता कावून थांबलंय रं ते?"

गहिनीनाथने एकदा वर बघितलं.

"हे वायरिंगमदलं न्हाई, आत्या," तो म्हणाला आणि शिरूरच्या वाटेला लागला.